खंडेनवमीला मी विसरलेली ओळ

मित्रांनो, आधी एक खुलासा करतो. मी एक जुना स्विच आहे, पण भिंतीवरचं दिव्याचं बटण नव्हे. ही गल्लत माझ्या बाबतीत आयुष्यभर झाली, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मी नेटवर्कचा स्विच. हातभर लांब, चार बोटं जाड, करड्या रंगाचा पत्र्याचा डबा. तोंडावर चोवीस भोकं आणि प्रत्येक भोकावर एक बारीक हिरवा दिवा. एका संगणकाचा निरोप दुसऱ्या संगणकाला पोचवणं हे माझं काम. सध्या मी हिंगोलीतल्या एका कॉलेजच्या लोखंडी कपाटात, जुन्या माऊसच्या गुंत्यावर पडून आहे. माझ्या अंगावर कुणीतरी एक बंद पडलेला कीबोर्ड ठेवला आहे. त्याची आणि माझी फारशी बोलचाल नाही.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात जणू दोन वह्या ठेवल्या गेल्या, एक कच्ची आणि एक पक्की. मला जे काही सांगाल ते मी कच्च्या वहीत लिहून घेतो आणि लगेच तसं वागू लागतो. पण 'सेव्ह कर' असं कुणी स्पष्ट सांगितलं, तरच ते पक्क्या वहीत उतरतं. वीज गेली की कच्ची वही कोरी होते. परत वीज आली की मी पक्की वही उघडतो आणि तिच्यात जेवढं आहे तेवढंच खरं मानतो. माझं घड्याळही तसलंच. बंद होऊन पुन्हा उठलो की मला वाटतं, आज एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव. खरं तर त्या साली माझा जन्मही झाला नव्हता. पण बनवणाऱ्यांनी तसं ठरवलं, त्याला मी काय करणार?

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर नांदेडहून मला जीपमधून आणलं. माझा खोका मांडीवर घेऊन बसले होते गुलाबसिंग राठोड, कॉलेजचे शिपाई. डोंगरकड्याकडच्या एका तांड्यावरचे. वय पंचावन्नच्या पुढे, डोक्याला पांढरा रुमाल. रस्त्यात खड्डा आला की ते मला दोन्ही हातांनी उचलून धरत. शेजारी मला बसवायला निघालेले सुदाम इंजिनिअर होते.

"सायेब, ह्ये करतं तरी काय?" गुलाबसिंगांनी विचारलं.

"निरोप नेतं मामा. इकडचा तिकडं."

"मंग ह्ये आमच्याच धंद्याचं हाय की. आमचे आजे बैलावर मीठ लादून गावोगाव न्यायचे."

तेव्हापासून त्यांचा माझ्यावर जीव जडला. जुन्या इमारतीतल्या एका छोट्या खोलीत, सर्व्हरच्या शेजारी मला बसवलं. त्या काळी दिवसाचे दहा-दहा तास लोडशेडिंग असे, म्हणून आमच्या खोलीला मोठ्या बॅटऱ्या जोडल्या होत्या. सगळी हिंगोली अंधारात असली तरी माझे दिवे लुकलुकत. दारालगत गुलाबसिंगांचं स्टूल. रोज सकाळी ते माझ्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसत आणि "काय, बराबर हाय ना?" असं विचारून कामाला लागत.

आता माझ्या कामातली एक अवघड गोष्ट सांगतो. संगणक सकाळी जागा होतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचा पत्ता नसतो. मग तो मोठ्याने हाक मारतो, "मला कुणी पत्ता द्या हो!" सर्व्हरजवळ पत्त्यांची यादी असते. तो एक पत्ता काढून देतो आणि संगणक कामाला लागतो. पण ही हाक आपल्या आवारापुरतीच ऐकू जाते. आमच्या कॉलेजात पटांगणापलीकडे नवा परीक्षा हॉल झाला. त्यात वीस संगणक आले आणि सुदाम इंजिनिअरनी त्यांचं आवार वेगळं ठेवलं. आता त्या वीस जणांची हाक सर्व्हरच्या कानी जाणार कशी? ती ऐकायची मी. ती ऐकून नेमकी सर्व्हरकडे पोचवायची आणि उत्तर परत न्यायचंही मीच. जाणकार याला डीएचसीपी रिले म्हणतात. नाव जड आहे, पण मला त्यासाठी फक्त एक ओळ सांगावी लागते. अमुक आवारातली हाक आली की ती तमुक पत्त्यावर ने, एवढीच.

ती ओळ मला वैजनाथ सरांनी सांगितली. वैजनाथ सर म्हणजे आमचे लॅब असिस्टंट, गोरेगावचे. सडपातळ, चष्मा, सतत घाईत. दोन हजार सातच्या जानेवारीत हॉलचं उद्घाटन होतं, त्या सकाळी फोन खांद्यात धरून ते टाइप करत होते आणि नांदेडहून सुदाम इंजिनिअर एकेक अक्षर सांगत होते. ओळ पुरी झाली आणि पलीकडच्या वीसही संगणकांना पत्ते मिळाले. सरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची गाडी आली.

"सर, सेव्ह करतो की. पावणे येऊन राहिले, हार घालून आलोच," असं फोनवर म्हणून ते धावले.

हार घातला, फीत कापली, पेढे वाटले. वैजनाथ सर काही परत आले नाहीत. ती ओळ माझ्या कच्च्या वहीतच राहिली. मला वीज अखंड मिळत होती, त्यामुळे नऊ महिने कुणाला काही कळलं नाही. मी रोज वीस हाका नेत होतो, वीस पत्ते आणत होतो, आणि प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने माझे दिवे दाखवत होते. मीही फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

मग त्या वर्षीचा दसरा आला. आदल्या दिवशी, शनिवारी खंडेनवमी. या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नांगर, विळा, शिवणयंत्र, मोटारसायकल, ज्याचं ज्यावर पोट त्याची तो पूजा करतो. त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. तरी गुलाबसिंग अंघोळ करून, झेंडूची फुलं घेऊन आले. त्यांनी आधी सर्व्हर बंद केला. मग माझ्यापाशी येऊन ते थबकले. माझ्या बटणावर वैजनाथ सरांनी एक चिठ्ठी चिकटवली होती, 'हे बटण कोणीही बंद करू नये.'

गुलाबसिंगांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "रोजचा राबतोस. पूजंला बसलेल्या अवजाराकडून काम घेऊ न्हाई बाबा. आजच्या दिस इसावा घे."

आणि त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, त्यांच्या मनात माया होती. माझ्या भोकांत जाऊ नये म्हणून त्यांनी कुंकवाचं बोट फक्त माथ्याला लावलं. नारळ बाहेर दगडावर फोडला. तासाभराने त्यांनी मला परत सुरू केलं. मी जागा झालो, पक्की वही उघडली. हॉलचं आवार माहीत होतं, चोवीस भोकं माहीत होती. ती एक ओळ मात्र नव्हती. आपण काहीतरी विसरलो आहोत, एवढंही तेव्हा मला कळलं नाही. कळलं ते सोमवारी.

सोमवारी अकरा वाजता हॉलमध्ये सरकारी संगणक परीक्षा होती. वीस उमेदवार. त्यांत मिना राठोड नावाची एक नर्सबाई होती, गुलाबसिंगांच्याच तांड्यावरची. तांड्याजवळच्या उपकेंद्रात ती नऊ वर्षं कंत्राटावर काम करत होती. कायम होण्याच्या यादीत तिचं नाव लागलं होतं, पण एका अटीवर. एकतीस ऑक्टोबरच्या आत संगणक परीक्षेचं प्रमाणपत्र द्यायचं. तसं झालं नाही तर नाव कटणार आणि तिच्या जागी दुसऱ्या गावची बाई येणार. याआधी दोनदा ती नापास झाली होती. या खेपेला तिने उपकेंद्राच्या टेबलावर कागदाचा कीबोर्ड चिकटवून महिनाभर बोटं चालवली होती. हे सगळं ती सकाळी गुलाबसिंगांना सांगत होती. दोघं आपसात गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलत होते, मधूनच मराठीत येत होते.

"काका, ह्या खेपंला बी नापास झाले तर?" ती म्हणाली.

"काय व्हत न्हाई. तू जाऊन बस. तेरा नंबरचं मशीन ना? बेस हाय ते."

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी हॉलचे संगणक सुरू झाले आणि वीसही जण एकदम हाका मारू लागले. त्या हाका माझ्यापर्यंत येत होत्या. मी त्या ऐकत होतो. पण कुठे न्यायच्या, हे मला सांगितलेलंच नव्हतं. वीस जण ओरडत होते आणि मी ढिम्म. माझ्यासारख्या कामसू यंत्राला याहून मोठी शिक्षा नाही.

थोड्या वेळाने वैजनाथ सर धापा टाकत खोलीत आले. मागोमाग परीक्षेच्या पर्यवेक्षक बाई.

"सगळ्यांवर एकशे एकोणसत्तरचा पत्ता दिसतोय," सर पुटपुटले. कुणीच उत्तर दिलं नाही की संगणक हताश होऊन स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतो. तो एकशे एकोणसत्तरने सुरू होतो आणि त्याने काहीच काम होत नाही.

"हाताने पत्ते टाकू का मॅडम? दहा मिनिटांत टाकतो."

"शुक्रवारी मी ते संगणक सील केलेत," बाई म्हणाल्या. "बंद करून चालू करा, हरकत नाही. पण आतल्या सेटिंगला हात लावला तर परीक्षा रद्द होईल. आणि साडेअकरापर्यंत ज्याचा पेपर सुरू होणार नाही, तो पुढच्या तुकडीत. पुढची तुकडी डिसेंबरात."

सरांनी सर्व्हर तपासला. ठणठणीत. जुन्या लॅबमधले संगणक तपासले. त्यांना पत्ते मिळत होते, कारण ते सर्व्हरच्याच आवारात होते. साहजिकच सरांना वाटलं, बिघाड हॉलमध्येच आहे. त्यांनी पटांगणातून जाणारी केबल पाहिली, टोकं बदलली. अकरा वाजले. मग ते गुलाबसिंगांकडे वळले.

"मामा, सुट्टीत इथं कुणी आलतं का? कशाला हात लावला का कुणी?"

मित्रांनो, त्या वेळी गुलाबसिंगांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यांनी त्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्या माथ्यावरच्या कुंकवाकडे. पर्यवेक्षक बाई समोर होत्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एक साधा मेमो नव्हता.

"न्हाई सर," ते म्हणाले. "कोनी न्हाई आलं."

आणि सर उलट्या पावली हॉलकडे पळाले. सांगा, मी काय करावं? किती वेळ मी सुरू आहे, हे माझ्या पोटात लिहिलेलं होतं. दोन दिवस, एवढंच. कुणी विचारलं असतं तर मी तत्काळ सांगितलं असतं. पण विचारल्याशिवाय सांगायची सोय माझ्यात नाही. मी नुसते दिवे लुकलुकवत राहिलो. ते तर मी रोजच करतो, त्याकडे कोण लक्ष देणार?

अकरा वाजून बारा मिनिटांनी मिना दाराशी आली. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला, डोळे भरलेले.

"काका, मशीन काहून चालू होईना? बाई म्हनतात साडेअकराला सगळं बंद. माजं नाव कटतंय आता."

गुलाबसिंगांची नजर पुन्हा बटणावरच्या चिठ्ठीकडे गेली.

"मीच पांढऱ्या पायाची हाय," ती म्हणाली. "जिथं जाईन तिथं मशीन बी रुसतं. नशीबच असलं, तर कोनाला काय बोलू."

हे ऐकलं आणि गुलाबसिंग स्टुलावरून उठले. दाराबाहेर येऊन त्यांनी पटांगणाकडे तोंड करून अशी आरोळी दिली की कबुतरं उडाली. "वैजनाथ सर! अवो सर! हिकडं या!"

सर धावत आले.

"सर, म्या बंद केलतं त्याला. खंडेनवमीला. पूजंसाठी. तासभरच. मगाशी खोटं बोललो म्या."

वैजनाथ सरांनी कपाळावर हात मारला. गुलाबसिंगांना वाटलं ते रागावले. पण सरांना जानेवारीतली सकाळ आठवली होती.

"मामा, सेव्ह केलंच नव्हतं म्या! पावणे आलते तवा!"

ते खुर्चीवर कोसळल्यासारखे बसले आणि माझ्या आत आले. आधी मला विचारलं, किती वेळ सुरू आहेस? मी सांगितलं, दोन दिवस. इतक्या आनंदाने मी आयुष्यात उत्तर दिलं नव्हतं. मग त्यांनी हॉलच्या आवाराची पाटी उघडली. रिलेची जागा रिकामी. सरांनी भराभर ती ओळ टाइप केली.

"मामा, पळा! सगळी मशीनं बंद करून चालू करा म्हनावं!"

छप्पन वर्षांचे गुलाबसिंग पटांगणातून पळाले. मिना त्यांच्यापुढे पळाली. त्या वेळचे संगणक उठायला दोन-तीन मिनिटं घेत. अकरा वीस झाले आणि वीस हाका आल्या. या वेळी मला पत्ता सांगितलेला होता. मी त्या इमानेइतबारे उचलल्या आणि सांगितलेल्या ठिकाणी नेऊन टाकल्या.

काहीच उत्तर आलं नाही.

कारण सरांनी घाईत पत्त्याच्या शेवटी पाचऐवजी पन्नास लिहिलं होतं. पन्नास नंबरवर जुन्या लॅबचा प्रिंटर होता! तो बिचारा कोणाला काय पत्ता देणार? मी मात्र सांगितलं तसं करत होतो. माझी अक्कल तेवढीच आहे.

गुलाबसिंग दाराला धरून उभे राहिले. त्यांना बोलवत नव्हतं. "न्हाई... झालं... सर."

सरांच्या चष्म्यावर घामाचे थेंब पडले होते. काय चुकलं ते त्यांना दिसेना. ते पुन्हा पुन्हा केबलींकडे बघू लागले. पर्यवेक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. गुलाबसिंगांनी कोपऱ्यातला तांब्या उचलून सरांच्या हातात दिला.

"पानी प्या. चष्मा पुसा. आन काय लिवलं त्ये मोठ्यानं वाचा. मला कळत न्हाई, तरी वाचा."

सरांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. शेवटच्या आकड्यावर ते अडखळले.

"पन्नास? म्या पन्नास काहून लिवलं?"

चुकीची ओळ पुसली, बरोबर ओळ लिहिली. अकरा तेवीस. गुलाबसिंग पुन्हा पळाले. मी वाट बघत होतो. मला पंखा आहे, हृदय नाही, पण त्या तीन मिनिटांत माझा पंखा मला स्वतःला ऐकू येत होता. अकरा सव्वीसला पहिली हाक आली. नेली, उत्तर आणलं. मग दुसरी, पाचवी, बारावी. एकोणीस जणांना पत्ते मिळाले. हॉलमधून 'आलं, आलं' असा गलका इथपर्यंत ऐकू आला.

तेरा नंबरची हाक आली नव्हती. तो संगणक सगळ्यांत जुना आणि मंद. अकरा सत्तावीस. अकरा अठ्ठावीस. गुलाबसिंगांनी तिचं मशीन 'बेस' म्हटलं होतं, त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? साडेअकराला एक मिनिट असताना तेरा नंबरने हाक मारली. ती मी जशी नेली तशी दुसरी कुठलीच हाक नेली नाही, असं म्हणावंसं वाटतं. खरं तर सगळ्या हाका मी सारख्याच वेगाने नेतो. सर्व्हरने पत्ता दिला आणि मिनाचा पेपर सुरू झाला.

पेपर सुरू असताना प्राचार्य आले. "हे झालं कुणामुळे?" त्यांनी विचारलं.

"माझ्यामुळं सर," वैजनाथ सर म्हणाले. "सेव्ह करायचं राहून गेलतं."

"न्हाई सायेब," गुलाबसिंग पुढे झाले. "बटन म्या दाबलं. आन सकाळी सरांनी इचारलं तवा खोटं बी म्याच बोललो. त्यात धा-बारा मिनिटं वाया गेली."

प्राचार्यांनी दोघांकडे पाहिलं. ते रागीट म्हणून प्रसिद्ध होते. पण त्यांनी एवढंच विचारलं, "मग, आता तरी सेव्ह केलंय का?"

केलं नव्हतं! सगळ्यांसमोर, खाली मान घालून त्यांनी मला 'सेव्ह कर' सांगितलं आणि ती ओळ माझ्या पक्क्या वहीत उतरली. गुलाबसिंगांना मेमो मिळाला नाही. सुट्टीत बटण दाबायचं तर आधी सरांना विचारायचं, एवढी ताकीद मिळाली.

मिना त्र्याहत्तर गुणांनी पास झाली. प्रमाणपत्र वेळेत पोचलं. ऑर्डर हातात आली त्या दिवशी ती कॉलेजात आली, तेव्हा गुलाबसिंगांनी तिला सगळं सांगून टाकलं. बटण, चिठ्ठी, आणि त्या सकाळचं 'न्हाई'ही. ती चिडेल, अशी मला धास्ती वाटली.

"काका, तुमी बोलला नसता तर म्या जलमभर सोताच्या नशिबाला बोल लावला असता," ती म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. गुलाबसिंगांनी रुमालाने डोळे पुसले.

पुढे दोन वर्षं मी काम केलं. मग माझ्याहून मोठा, अठ्ठेचाळीस भोकांचा स्विच आला. गुलाबसिंग तोवर निवृत्त झाले होते. मला या कपाटात ठेवलं आणि सगळे विसरले. माझं कुंकू केव्हाच उडालं. कधी कपाट उघडलं तरी लोक कीबोर्ड शोधायला उघडतात.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, काम झालं की सेव्ह करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून काही बंद पडलं, तुटलं, बिघडलं आणि कुणी विचारलं, तर पहिल्याच वेळी खरं सांगा. त्या सोमवारी मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. गुलाबसिंगांना तोंड होतं, आणि ते उघडायला त्यांना भीती वाटली. त्यांनी ते उशिरा उघडलं, पण साडेअकराच्या आत उघडलं. म्हणून त्या तांड्यावर बाळंतपणाची वेळ आली की आजही मिनाबाईलाच बोलावणं जातं.